आंबाचोंढीचा स्तंभ

"पण आलेखाच्या या चित्राला कसं कळतं, बोट कुठं पडलं ते?" देवस्थळी सरांनी विचारलं.

ऋजुता हसली. या प्रश्नाचीच ती वाट पाहत होती.

"चित्राला काही कळत नाही, सर. त्याच्यावर मी न दिसणाऱ्या चौकटी अंथरल्यात. प्रत्येक स्तंभावर त्याच्याच मापाची एक. चौकटीवर क्लिक केलं की त्या गावाचं पान उघडतं."

"आणि स्तंभ तर रोज वरखाली होणार."

"म्हणून तर स्क्रिप्ट लिहिली, एक छोटा प्रोग्रॅम. सकाळी गावागावांतून आकडे येतात. तीच आलेख काढते आणि काढता काढता चौकटींची मापंही मांडते. माणसाचा हात कुठं लागत नाही."

सर शहरातल्या कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवून निवृत्त झाले होते. आता सातपुड्याच्या पायथ्याशी, एका आश्रमशाळेच्या आवारात राहत. ऋजुता पाटणकर त्यांच्या शेवटच्या वर्गातली. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात ती काम करी. तालुक्यात कावीळ पसरली होती. कुठल्या गावात किती रुग्ण, ते तिचा आलेख दाखवी आणि त्यावरूनच डॉक्टरांची गाडी कुठं न्यायची ते ठरे.

तो दाखवायला ती आली होती. शाबासकी घ्यायला आली होती, असंही म्हणता येईल.

सरांनी तिचा टॅब पुढं ओढला. एका उंच स्तंभावर बोट टेकवलं. पान उघडलं. रुग्णांची नावं, वयं, कुठल्या विहिरीचं पाणी पितात ते. दुसऱ्या स्तंभावर टेकवलं. तेही उघडलं.

मग दोन स्तंभांच्या मधे जरा मोकळी जागा होती, तिथं त्यांनी बोट ठेवलं. खाली नाव होतं, आंबाचोंढी. वर काही नव्हतं.

काही उघडलं नाही.

सरांनी बोट उचललं नाही...

"तिथं शून्य आहे, सर," ऋजुता म्हणाली. "स्तंभालाच उंची नाही, तर चौकटीला कुठून येणार?"

"शून्य म्हणजे?"

"कुणी आजारी नाही."

"असं कुणी कळवलं?"

"कळवलं असं नाही... आकडा आला नाही की स्क्रिप्ट शून्य धरते."

"कधीपासून धरतेय?"

ऋजुतानं टॅबवर मागचे आकडे काढले; आंबाचोंढीचा आठवडाभर एकही आला नव्हता.

बाहेर नळावर पोरं ताटं घासत होती.

तिनं फोन काढला. आंबाचोंढीचे आकडे तिथल्या आशा सेविका जमुना वळवी पाठवत. फोन लागला नाही. पुन्हा लावला. नाही.

ती उठली. टॅब तिथंच राहिला.

कार्यालयातून डॉक्टरांना घेऊन ती आंबाचोंढीला पोहोचली, तेव्हा जमुनाताई पडवीत घोंगडी पांघरून पडल्या होत्या. डोळे पिवळेजर्द. आकडे पाठवणारीच आजारी पडली होती. घरोघर तीच गत. डॉक्टरांची गाडी आठवडाभर गावाच्या फाट्यावरून तशीच पुढं जात होती. आदल्या दिवशी एक गरोदर बाई दगावली होती.

"मला वाटलं, येईल कुणीतरी," जमुनाताई म्हणाल्या. "मी काहीच पाठवलं नाही म्हटल्यावर बघाल ना, म्हटलं."

डॉक्टर घरं फिरू लागले. ऋजुता जमुनाताईंच्या उशाशी बसून राहिली. मग तिनं त्यांना पाणी उकळून दिलं आणि गावातल्या आजाऱ्यांची नावं एकेक करून विचारून घेतली.

साथ ओसरल्यावर ती पुन्हा सरांकडे गेली. या वेळी तिनं काही सांगितलं नाही. आलेख उघडून समोर ठेवला.

सरांनी एका गावाच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. पान उघडलं. 'माहिती आलेली नाही', असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली, तिथं कोण जाऊन बघणार त्याचं नाव.

"चौकट आता स्तंभाच्या मापाची नाही," ती हळूच म्हणाली. "स्तंभ असो, नसो. गावाच्या नावापासून आलेखाच्या माथ्यापर्यंत. आणि आकडा आला नाही, तर स्क्रिप्ट शून्य धरत नाही."

सरांनी मान हलवली.

"आता कुणी सुटणार नाही ना, सर?"

सरांनी बोट उचललं. शेवटच्या गावाच्याही पलीकडे, आलेखाची रेघ संपून नुसतं पांढरं उरतं, तिथं ते टेकवलं.

"इथं कोण राहतं? ज्यांचं गाव यादीतच नाही, ते?"