दोर कोणाच्या हाती?

किल्ल्यांवर किल्लेदार राहत होते त्या काळची गोष्ट. डोंगराखालच्या एका गावात साळू नावाची मुलगी होती. कमरेला दोर बांधून ती उंच कड्यावरून खाली उतरायची आणि कपारीतला मध काढून आणायची. तिला मागण्या यायच्या, पण अट एकच असायची, लग्नानंतर कडा सोडायचा. साळू सगळ्यांना नकार द्यायची.

मग शेजारच्या वाडीतला धाकू आला. त्याने तिला एकदा कडा उतरताना पाहिले होते आणि तेव्हापासून तिच्याशिवाय त्याला दुसरे काही सुचत नव्हते. तो तिच्या वडिलांना म्हणाला, "तिला थांबवायला मी आलो नाही. दोर कसा धरायचा, तेवढं मला शिकवा."

लग्न झाले. साळू उतरायची आणि धाकू झाडाच्या बुंध्याला वेढा देऊन दोर धरायचा. बायको जीव धोक्यात घालते आणि हा वर बसून राहतो, असे म्हणत लोक हसायचे. धाकू मात्र बाजारात मध विकताना ताठ मानेने सांगायचा, की हा माझ्या बायकोने काढलाय.

एके दिवशी डोंगरावरच्या किल्ल्यातल्या किल्लेदाराची लहान लेक तटावरून घसरली आणि कड्याच्या मधोमध कपारीत अडकली. साळूला बोलावणे आले. धाकूची किरकोळ अंगकाठी पाहून किल्लेदाराने आपले दोन पहिलवान पुढे केले. दोर यांच्याच हाती द्या, असे त्याने सांगितले.

साळू म्हणाली, "सरकार, यांच्या अंगात बळ आहे. पण मी दमले, थांबले, घाबरले, हे दोरावरून फक्त माझ्या नवऱ्याला कळतं. दोर तोच धरेल."

किल्लेदाराने नाइलाजाने मान डोलावली.

साळू निम्म्यावर गेली आणि धुके दाटले. वाऱ्यात हाक ऐकू येईना. पहिलवान घाबरून म्हणू लागले, ओढ तिला वर. धाकूने ऐकले नाही. डोळे मिटून तो दोराचा ताण जोखत राहिला. दोर सैल पडला. ती कपारीत टेकली आहे, पोरीला पाठीशी बांधते आहे, हे त्याला उमगले. तेव्हा ओढले असते तर तिचा तोल गेला असता. थोड्या वेळाने दोर जड झाला आणि स्थिर राहिला.

"आता," धाकू म्हणाला. पहिलवानांनीही हात लावला, पण त्याच्या सांगण्याप्रमाणे.

धुक्यातून आधी साळूचे डोके दिसले, मग तिच्या पाठीला बिलगलेली पोर. धाकूचे तळहात सोलवटून निघाले होते.

दुसऱ्या दिवशी भरल्या सदरेत किल्लेदाराने साळूला मानाचा शेला दिला. असे धाडस आपण कधी पाहिले नाही, असे तो म्हणाला, तेव्हा गर्दीत उभ्या असलेल्या धाकूचा ऊर अभिमानाने भरून आला. साळू शेला घेऊन थेट त्याच्यापाशी गेली आणि तो उलगडून तिने दोघांच्या खांद्यांवर घेतला.

"कड्यावर मी एकटी दिसते, सरकार," ती म्हणाली. "पण एकटी मी कधीच उतरले नाही."

या गोष्टीचे तात्पर्य एवढेच: जोडीदाराच्या कर्तृत्वाचा ज्यांना अभिमान वाटतो आणि त्याचा भार जे आनंदाने पेलतात, त्यांचाच संसार भक्कम राहतो.