पिलुवनातून हाकललेले पाहुणे

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, जेव्हा तप करणारे फार आणि आजूबाजूला बघणारे थोडे होते, तेव्हा मरुधन्व नावाच्या अफाट वालुकाप्रदेशाच्या दक्षिण कडेला पिलुवन नावाचे अरण्य होते. चैत्र लागला की तिथले पिलुवृक्ष माणकांसारख्या बारीक, रसाळ फळांनी वाकत. आणि दक्षिण समुद्रतीरी हिवाळा काढून दक्षिणेच्या वाऱ्यावर हिमवंताकडे, आपल्या घरट्यांकडे निघालेली गाणारी पाखरे अन्नपाण्याचा शेवटचा आसरा म्हणून तिथे सहस्रावधींनी उतरत. पुढे नुसती वाळू.

त्या वनाचे स्वामी महर्षी ऊर्ध्वशंख. जटा गुडघ्यापर्यंत, कीर्ती त्याहून लांब. त्यांनी शतवार्षिक अतिथिव्रत घेतले होते: दारी आलेला देव असो की किडा, उपाशी जायचा नाही. मात्र अतिथीने राहायचे एकच रात्र. दुसऱ्या सकाळी त्याने निघायचेच. पाखरे सांगून निघत नाहीत, म्हणून महर्षींची कन्या शाल्मली गेली अकरा वर्षे दर चैत्रात डफ बडवून त्यांना उडवून लावी. मन लावून करी. धर्म आहे, असे तिला वाटे. वडिलांनी तसे सांगितले होते ना!

व्रताचे शंभरावे वर्ष. पूर्णाहुती चार दिवसांवर आलेली. त्या सकाळीही डफावर थाप पडली, थवा उठला. पण एक पिवळ्या छातीची पक्षिणी उडाली नाही. ती सरळ डफाच्या कडेवर येऊन बसली. आश्रमातल्या सर्वांना पाखरांची भाषा कळे. ऐकण्याची गरज मात्र कोणाला वाटली नव्हती.

"बडव, बाई, बडव. हात दुखेपर्यंत बडव," ती म्हणाली. तिचे नाव कलकंठी. "पण एकदा उत्तरेला जाऊन ये. आम्ही कुठे उतरतो ते बघ."

"हिमवंतावर उतरता."

"कोण म्हणालं?"

"तात म्हणाले."

पक्षिणी हसली. ते हसू बघवत नव्हते.

"मुली, लांब उडताना आम्ही आमचंच मांस जाळतो. आतडीसुद्धा आक्रसतात. पहिल्या दिवशी खाल्लेलं ती आतडी पुन्हा उभी करण्यातच संपतं, अंगाला काही लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून कुठे छातीवर चरबी धरते. चार दिवस मिळाले तर वजन दुप्पट होतं. वाळवंटात तीच आमची शिदोरी, तेच पाणी. आणि तू आम्हाला नेमकी शिदोरी बांधायच्या वेळी उठवतेस."

एवढे बोलून ती थव्यामागे गेली.

शाल्मलीने घागर उचलली आणि कोणाला न विचारता चालू लागली. दोन दिवस वाळू तुडवल्यावर तिला समोर एक पांढरा पट्टा दिसला. पूर्वेच्या क्षितिजापासून पश्चिमेच्या क्षितिजापर्यंत, जणू कोणी दोरी धरून आखलेला. मीठ असेल, असे तिला वाटले. पाऊल पडले आणि पायाखाली काहीतरी काटक्यांसारखे कडकडले.

ती हाडे होती. नखाएवढ्या कवट्या, सुईएवढ्या बरगड्या, घोट्यापर्यंत थर. शंभर चैत्रांची पाखरे एकाच रेषेवर पडली होती. एका दिवसाच्या खाण्यात जेवढे उडता येते, बरोबर तेवढ्या अंतरावर. सर्वांत वर परवाचा थवा होता. त्यात पिवळी छाती होती. शाल्मलीने तिच्यावरून बोट फिरवले. छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे बोटाला लागले. तिला रडू आले नाही. यातली अकरा वर्षे माझ्या हातची, एवढेच डोक्यात घुमत राहिले.

ती परतली तेव्हा पूर्णाहुती झाली होती. यज्ञमंडपात शेकडो मुनी बसले होते आणि व्रतावर प्रसन्न झालेले भगवान वायुदेव वर देण्यासाठी प्रकट झाले होते. शाल्मलीने पदरातली हाडे भर वेदीवर ओतली.

"तात, हे तुमचे पाहुणे."

महर्षींनी हाडांकडे पाहिले, मग शांतपणे दाढीवरून हात फिरवला.

"ठाऊक आहे मला."

"काय?"

"चाळीस वर्षं झाली. तीर्थयात्रेला जाताना दिसलं. पण साठ वर्षांचं व्रत का मोडायचं? माझ्या दारात कोणी मेलेलं नाही."

शाल्मलीला वाटले, आता तरी कोणी उठेल. शेकडो मुनींपैकी एकही उठला नाही. काहींनी तर मान डोलावली. तिने वायुदेवांकडे पाहिले. ते दुसरीकडे बघत होते.

"तुम्हीसुद्धा? तुमच्याच खांद्यावरून गेली ना ती?"

"कन्ये, मी वाहतो. न्याय करणं माझं काम नाही."

"वा! हे व्रत पाळतात, तुम्ही वाहता, आणि मरायचं कोणी? लाज वाटत नाही तुम्हाला, एवढी मोठमोठी नावं लावून बसलाय ते?" तिने वेदीवरचे जल ओंजळीत घेतले. "तात, अकरा वर्षं मी तुमची आज्ञा पाळली. तेवढं पुण्य या पाण्यात सोडते. तुम्ही पाखरू व्हाल. दर चैत्रात इथे उतराल, खाल, आणि तुमची छाती सर्वांच्या शेवटी भरेल!"

पाणी पडले. आसनावर उरली फक्त वल्कले, आणि त्यांत धडपडणारे मूठभर राखी पाखरू. मुनी आसने सोडून मागे सरले. वायुदेवांनी प्रथमच मान खाली घातली.

"व्रताचा वर अजून माझ्याकडे आहे," ते हलकेच म्हणाले. "तो तू माग."

"थांबायला शिका. शेवटच्या पाखराची छाती भरेपर्यंत दक्षिणेकडून वाहायचं नाही."

"तथास्तु."

त्या राखी पाखराने चोच वासली. शाल्मलीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. डफ जवळच पडला होता. तिने तो उचलला नाही. पिलुवृक्षाचे एक पिकले फळ तोडून त्याच्यासमोर ठेवले आणि ती तिथून निघून गेली, ती कोणत्याही आश्रमात पुन्हा शिरली नाही.

म्हणून आजही चैत्रात काही दिवस वारा अचानक पडतो. पान हलत नाही, अंगाची लाही होते, माणसे त्याच्या नावाने बोटे मोडतात. तेव्हा वाळवंटाच्या कडेला सारा थवा भरल्या छातीने फांद्यांवर तयार बसलेला असतो, आणि एक म्हातारे राखी पाखरू अजून घाईघाईने खात असते.