शेप्या आंब्याचं कलम

फार पूर्वी, डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या एका गावात एक माळी राहत होता. आंब्याची कलमं बांधण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. लोक म्हणत, याने वाळक्या काठीला कलम बांधलं तरी पालवी फुटेल. हे जरा जास्तच होतं, पण माळ्याला ते ऐकायला आवडायचं. आणि आवडू नये तरी का?

आंब्याची एक गंमत आहे. गोड आंब्याची कोय मातीत पुरली तर झाड उगवतं, पण त्याला तोच आंबा लागेल याचा काही भरवसा नसतो. तोच आंबा हवा असेल तर कलमच बांधावं लागतं. पावसाळ्यात कोयीतून रोप वर येतं. त्याची पानं तांबूस आणि देठ कोवळा असतानाच शेंडा कापायचा, देठाला चीर द्यायची, हव्या त्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सुक्या सालीने, घट्ट बांधायची. पानं हिरवी झाली, देठ निबर झाला की वेळ गेली. मग पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं.

माळ्याने ही वेळ कधी चुकवली नव्हती. कोणी बोलावलं की हा निघालाच. मात्र त्याच्या स्वतःच्या परसात एक झाड होतं, आणि त्या एका झाडाचं कलम त्याच्या हातून होत नव्हतं.

ते झाड शेप्या आंब्याचं होतं. फळ बेताचं, धागे भरपूर, आणि वासाला शेपूच्या भाजीसारखं. बाजारात त्याच्याकडे कोणी वळूनही बघितलं नसतं. पण माळणीचा सगळा जीव त्या झाडात होता. तिच्या बापाने आपल्या दारच्या आंब्याचं कलम स्वतःच्या हातांनी बांधलं होतं आणि पाठवणीच्या वेळी मडक्यात घालून लेकीबरोबर दिलं होतं. पुढे नदीला मोठा पूर आला. तिचं माहेरचं गाव गेलं, घर गेलं, बाप गेला, दारचा आंबाही गेला. उरलेली माणसं कुठे कुठे पांगली. सणावाराला माळणीला जायला ठिकाण राहिलं नाही. आंबे पिकायच्या दिवसांत ती परसात झाडाखाली जाऊन बसायची, तेवढंच तिचं माहेरपण.

मग त्या झाडाला भिरूड लागली. किड्याने आतून खोड पोखरलं आणि बुंध्याशी भुसा पडायला लागला. माळ्याने उपाय केले, पण झाड वाचणार नाही हे त्याला कळलं होतं. माळणीलाही कळलं. एक दिवस त्याला भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, याचं एखादं कलम बांधून ठेवाल का?"

"त्यात काय मोठंसं? यंदाच बांधतो," माळी म्हणाला.

त्याने कोयी पुरल्या, रोपं वर आली, पानं तांबूस झाली. माळ्याने चाकू घेतला आणि म्हणाला, आधी याला धार लावू. धार लागली, तर सोप जुना वाटला. नवा सोप काढून सुकवला, तर शेजारच्या गावातून बोलावणं आलं. तिकडून परत आला, तर कुंपण मोडलेलं दिसलं. कुंपण पडून होतं त्याला बरेच महिने झाले होते, पण माळ्याला ते नेमकं तेव्हाच दिसलं. असं करता करता रोपांची पानं हिरवी झाली आणि वेळ निघून गेली.

त्या दिवशी माळ्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्याही आधी, अगदी आत कुठेतरी, त्याला हायसं वाटलं. सुटलो बाबा, आता पुढच्या वर्षी. हे हायसं वाटणं त्याने कोणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नाही.

पुढच्या वर्षी तेच झालं. त्याच्या पुढच्याही वर्षी. वेळ गेलेली रोपं टाकवत नसत, म्हणून माळी ती वाटेच्या कडेला लावून टाकायचा. काही वर्षांत तिथे छान सावली झाली. वाटसरू टेकायचे आणि लावणाऱ्याला तोंडभर दुवा द्यायचे. ती दुवा ऐकली की माळी खाली मान घालून तिथून निघून जायचा. लोकांना वाटे, किती हा साधा माणूस!

गाव म्हटल्यावर बोलणारे आलेच. शेजारी चिडवायचा, लोकांची झाडं लेकरं आणि घरचं झाड सावत्र का रे? पाटलांनी एकदा चावडीवर बोलावून चांगलं खडसावलं की हा निव्वळ आळस आहे. माळ्याला ते पटलं. आपण आळशीच, दुसरं काय? त्याने तिथल्या तिथे कुलदैवताची शपथ घेतली, यंदा कलम बांधीनच. पण शपथेने काम हलकं होत नाही. आधी नुसतं कलम होतं, आता त्याच्यावर देव येऊन बसला. त्या वर्षी तर माळी चाकूलाही शिवला नाही.

आता तुम्हीच सांगा, पहाटे उठून दिवसभर राबणारा माणूस आळशी कसा असेल? पण हा प्रश्न कोणी विचारला नाही.

हळूहळू माळ्याला ते झाड बघवेनासं झालं. विहीर झाडापलीकडे होती. सरळ गेलं तर चार पावलांवर, पण माळी कुंपणाच्या कडेकडेने वळसा घेऊन पाण्याला जायला लागला. माळणीने विचारलं तेव्हा म्हणाला, झाडाखाली मुंग्या फार झाल्यात. माळण रोज झाडाखालूनच जात होती. तिला एकही मुंगी चावली नव्हती.

एका पावसाळ्यात वारा उठला आणि झाडाची मोठी फांदी कडकडत खाली आली. सकाळी दोघांनी जाऊन पाहिलं. आतून खोड पार पोकळ झालं होतं. एकाच बाजूला थोडा हिरवा पाला उरला होता. पुढचा पावसाळा हे झाड बघणार नाही, हे सांगायला माळी असण्याची गरज नव्हती. आणि ओट्यापाशी रोपांची रांग उभी होती, तांबूस पानांची, अगदी वेळेवर आलेली.

माळ्याने रोपांकडे पाठ फिरवली. त्याने कुदळ उचलली आणि बांध फुटलाय वाटतं, असं पुटपुटत शेताकडे चालू लागला. बांध धडधाकट होता. माळी तिथे कुदळीवर हात टेकून नुसता उभा राहिला. थोड्या वेळाने त्याला तिथेही राहवेना, म्हणून तो परत आला.

परसात येऊन बघतो तर माळण झाडाखाली बसलेली. मांडीशी त्याचा चाकू, समोर एक रोप, हातात शेप्याची काडी. ती दातांत सोप धरून देठाला चीर देत होती आणि चीर भलतीकडेच चालली होती.

"काय करतेस हे?" त्याने विचारलं.

"कलम बांधतेय. इतकी वर्षं तुमचं बघत आलेय, थोडंफार जमेल की."

माळी बघत राहिला. काडी वाकडी तासली गेली होती, चिरेत नीट बसत नव्हती. माळणीने ती तशीच दाबून बसवली आणि वरून सोप गुंडाळला. बांधलेलं कलम एखाद्या पोराच्या दुखऱ्या बोटासारखं दिसत होतं.

"हे जगायचं नाही," माळी न राहवून म्हणाला.

"नाही जगायचं, ठाऊक आहे मला," माळण म्हणाली आणि तिने दुसरं रोप पुढे ओढलं. "पण बघा, वाकडं झालं तरी काही झालं नाही. मी आहे तशीच आहे. तुम्हीही आहात."

मग माळणीने चाकू खाली ठेवला आणि इतक्या वर्षांत न बोललेलं बोलली.

"तुम्ही आळशी नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही घाबरलात. दुसऱ्याचं कलम मेलं तर एक कलम मेलं. हे मेलं तर माझं माहेर दुसऱ्यांदा जाईल, तेही तुमच्या हातून, असं वाटतं ना तुम्हाला? बांधलंच नाही तर मरणारही नाही, म्हणून तुम्ही बांधत नाही."

माळ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मनातली ही गोष्ट त्याची त्यालाही माहीत नव्हती, आणि बायको ती भाजी निवडावी तशी निवडून दाखवत होती.

"झाड गेलं तर मी रडेन," माळण म्हणाली, "रडेन आणि गप्प होईन. पण तुम्ही रोज विहिरीला वळसा घालून जाता, ते मला बघवत नाही. माझं माहेर गेलं ते गेलं. पण त्याच्यापायी माझं माणूस माझ्या परसातून तोंड चुकवून जायला लागलं, हे मला नको आहे."

माळी तिच्या शेजारी बसला. बसला, पण चाकूला हात लावेना. तो म्हणाला, माझा हात थरथरतोय, असल्या हाताने काही बरं व्हायचं नाही.

"बरं करा म्हणतंय कोण? एकच करा, तेही माझ्यासारखं वाईट करा. आणि ते झालं की उठून जा. मी दुसरं करा म्हणणार नाही."

आयुष्यात माळ्याला वाईट कलम करायला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला हसू आलं. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू, अशा अवस्थेत त्याने रोप घेतलं. चीर वाकडी गेली. पण तो थांबला नाही. काडी तासली, बसवली, बांधली. माळणीने आपलं कलम त्याच्या कलमाशेजारी ठेवलं. दोन्ही बघण्यासारखी नव्हती.

"झालं. उठा आता," ती म्हणाली.

पण माळी उठला नाही. दुसरं रोप त्याने स्वतःच ओढून घेतलं. त्याची चीर जरा सरळ आली. तिसऱ्याला काडी चिरेत नीट बसली. बांधता बांधता त्याच्या ध्यानात आलं की इतकी वर्षं जी भीती वाटत होती ती कलम बांधताना वाटत नाहीये. ती फक्त बांधण्याआधी वाटत होती. दिवस मावळायच्या आत त्याने झाडावरच्या कामाच्या सगळ्या काड्या संपवल्या. झाड जोमात असताना अशा काड्या ढिगाने मिळाल्या असत्या. आता ओंजळभरच होत्या, आणि हे त्याला चांगलं कळत होतं.

मग सुकायला सुरुवात झाली. आधी माळणीचं कलम गेलं, मग माळ्याचं पहिलं, मग एकेक करून आणखी बरीच. पूर्वीचा माळी असता तर त्याने सुकलेली कलमं गुपचूप उपटून टाकली असती. या वेळी तो रोज सकाळी माळणीला हाक मारून दाखवायचा, हे बघ, हेही गेलं. ती यायची, बघायची, त्याच्या पाठीवर हात ठेवायची आणि दोघं आपापल्या कामाला लागायची. विहिरीवर जाताना माळी आता सरळ झाडाखालून जाऊ लागला.

पाऊस ओसरत आला तसं ते झाड एका दुपारी आपल्या भाराने आडवं झालं. माळण रडली, म्हणाली होती तशी. माळीही तिच्याजवळ बसून रडला. त्याने तिला सरळ सांगितलं की पहिल्या वर्षी बांधलं असतं तर आज परसात राई उभी असती. माळणीने ते नाकारलं नाही. खरंच होतं ते, आणि त्याला खोटा दिलासा नको होता.

सगळ्या कलमांतून एकच जगलं. बारीक, एका अंगाला कललेलं. त्याला तांबूस पालवी आली तेव्हा माळी त्याच्याजवळून कितीतरी वेळ हलला नाही. पडलेल्या झाडाच्या जागेपासून जरा बाजूला, स्वच्छ मातीत, दोघांनी मिळून ते लावलं.

काही वर्षांनी त्याला पहिला मोहर आला. बराचसा गळला, पण एक कैरी टिकली. पिकल्यावर माळणीने ती हातात घेतली, देठाशी नाक नेलं आणि डोळे मिटले. तोच वास होता. ती ओट्यावर बसली आणि बोलायला लागली, बापाच्या खोकल्यापासून दारच्या पायरीच्या तुटक्या दगडापर्यंत. माळ्याला वाटत होतं की बायकोचं माहेर त्याला माहीत आहे. त्या संध्याकाळी त्याला कळलं की त्याने ते कधी ऐकलंच नव्हतं. ऐकताना आपल्यालाच अपराधी वाटेल म्हणून त्याने तो विषयही टाळला होता.

माळणीने आंबा खाल्ला आणि कोय त्याच्यापुढे धरली. धाग्यांना अजून बराच गर होता. माळी म्हणाला, "मी आधी बांधलं असतं तर..."

"आधी बांधलं असतं तर आधी खाल्ला असता," माळण म्हणाली. "आत्ता हातात आहे तो खा."

माळ्याने कोय घेतली आणि चोखून चोखून पांढरी केली.

तात्पर्य: काम पुढे ढकलणारा माणूस आळशीच असेल असं नाही, पुष्कळदा त्याला त्या कामाची फार माया असते आणि तेवढीच भीती. अशा माणसाला शपथा घालू नयेत, त्याच्या शेजारी बसावं आणि बिघडलं तरी चालेल असा कामाचा एक लहानसा तुकडा त्याच्या हाती द्यावा. तो माणूस आपण स्वतः असलो, तरीसुद्धा.