घाटाच्या तोंडाशी थांबलेली गाडी

घाटमाथ्यावरच्या शेलारवाडीत मंजुळा नावाची एक बाई राहत होती. तिच्या घराशेजारच्या शेडमध्ये एक जुनी गाडी उभी असे. पांढरी, लांबट, मागे मोठी डिकी असलेली. तिचा नवरा रंगराव साखर कारखान्यात ड्रायव्हर होता. कारखान्यातल्या एका साहेबाकडून त्याने ती विकत घेतली होती आणि जिवापाड जपली होती. पुढे रंगरावची नजर अधू झाली. समोरून येणारं माणूस त्याला धुरकट दिसू लागलं. कुणी सांगायच्या आधी त्याने स्वतःच गाडी चालवणं सोडलं. मग गाडीवर धूळ बसली. चाकांतली हवा गेली. एक काच उघडी राहिली होती, तिथून कोंबड्या आत शिरू लागल्या.

भावकीतले लोक म्हणायचे, “आता तिचं वय झालं. भंगारात देऊन टाका.”

रंगराव शेडकडे तोंड करून बसून राही.

त्याच सुमारास घाटाखाली जाणारी सकाळची एसटी बंद झाली. हायस्कूल घाटाखालच्या गावात होतं. मुलगे कुणाच्या ना कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून जाऊ लागले. मुली घरी राहिल्या. त्यांत तिघी दहावीत जाणाऱ्या होत्या. एक होती भागूजी शेलाराची स्वप्नाली. भागूजी तिला म्हणाला, “नववीपर्यंत शिकलीस, लई झालं.” स्वप्नालीने दप्तर खुंटीला अडकवलं आणि ती आईबरोबर शेणी थापायला बसली.

मंजुळाने ते पाहिलं. तिची स्वतःची शाळा सातवीत सुटली होती. त्याबद्दल ती कधी कुणाशी बोलली नव्हती. घरी आल्यावर ती रंगरावला म्हणाली, “अहो, मला गाडी शिकवा.”

रंगरावला वाटलं, ती गंमत करतेय. मग तिच्या आवाजातला ठामपणा त्याच्या लक्षात आला. तो म्हणाला, “चालवायला कुणीबी शिकतं. जुनी गाडी सांभाळायला शिकावं लागतं. ते जमंल?”

“जमवीन,” मंजुळा म्हणाली.

तिने कोंबड्या हाकलल्या. गाडी धुतली. त्या उन्हाळ्यात ती गावाबाहेरच्या माळावर गाडी शिकली आणि परवानाही काढून आली. पण चालवण्यापेक्षा तिचे प्रश्नच जास्त असत. इंजिनाचं ऑइल काळं झालं म्हणजे लगेच बदलायचं का? गरमीची सुई वर चढली तर रेडिएटरचं झाकण उघडायचं का? वळणावर चाकातून कटकट आवाज येतो, तो कशाचा? गाडी जास्त चालत नसली तरी इंजिनाचा पट्टा बदलायचा का? रंगराव बोनेटवर हात ठेवून, आवाज ऐकून उत्तरं देई. “गरम झाकणाला हात लावायचा न्हाई, वाफेनं तोंड भाजंल. पट्टा गाडी उभी असली तरी म्हातारा होतो.” जे त्याला सांगता येत नसे ते मंजुळा घाटाखालच्या यासीन मिस्त्रीला विचारी. यासीन वैतागायचा. “वहिनी, गाडी नेताय का परीक्षा घेताय?” पण उत्तर देई.

जून महिना आला. मंजुळा तिन्ही मुलींच्या घरी गेली. भागूजी म्हणाला, “त्या डबड्यातून माझी पोरगी पाठवू?”

“पहिले आठ दिवस तुम्ही पुढच्या सीटवर बसा,” मंजुळा म्हणाली. “गाडी नीट वाटली नाही तर पोरीला उतरवा.”

भागूजी बसला. त्याला बोट दाखवायला जागा मिळाली नाही. त्यानंतर तिन्ही मुली रोज शाळेत जाऊ लागल्या. दर रविवारी मंजुळा बोनेट उघडून ऑइल, पाणी आणि ब्रेकचं तेल बघे. रोज घाट उतरण्याआधी, रस्ता सपाट असेपर्यंत, ब्रेक दाबून अंदाज घेई. मगच गाडी उताराला घाली. पावसाळा गेला, थंडी गेली. गाडी एकदाही रस्त्यात अडली नाही.

दहावीच्या परीक्षेचा पहिला दिवस उजाडला. मुलींना सोडायला त्या दिवशी भागूजीही निघाला. मंजुळा नेहमीपेक्षा लवकर निघाली होती. मागे तिघी मुली ओठ हलवत कविता पाठ म्हणत होत्या. घाटाचं तोंड आलं. मंजुळाने सवयीने ब्रेक दाबला. पेडल मऊ लागलं आणि थेट खाली गेलं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. गाडी मंदावली, पण थांबेना. तिने गिअर उतरवला, हातब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या मुरुमावर उभी केली. पुढे दहा हातांवर पहिलं वळण होतं आणि त्याच्या पलीकडे दरी.

“काय झालं?” भागूजीने विचारलं.

“ब्रेक गेलाय.”

“पूर्ण?”

“अर्धा. पण मी खाली नेणार नाही.”

भागूजीचा आवाज चढला. “अवो वहिनी, सगळा उतारच हाय. पहिल्या गिअरवर हळूहळू घ्या. पेपर चुकला तर पोरींचं वर्ष जाईल!”

मुली रडकुंडीला आल्या. स्वप्नाली म्हणाली, “काकी, न्या ना हळूहळू. आम्ही घाबरणार नाही.”

याच मुलींसाठी मंजुळाने हे सगळं केलं होतं. हळू नेली तर कदाचित खाली पोहोचलीही असती. त्या ‘कदाचित’कडे तिने क्षणभर पाहिलं आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“किल्ली द्या. मी चालवतो,” भागूजी म्हणाला. त्याने ट्रॅक्टर चालवलेला होता.

मंजुळाने किल्ली मुठीत धरली. “दादा, मला काय बोलायचं ते नंतर बोला. गाडी इथून हलणार नाही. आणि पेपरही चुकणार नाही. दप्तरं घ्या गं!”

तिने चाकांखाली दगड लावले आणि गुराख्यांची पायवाट धरली. रस्ता वळणं घेत जाई, ही वाट सरळ खाली उतरे. ती निसरडी होती, जागोजागी करवंदाच्या जाळ्या होत्या. भागूजी रागाने पुढे झाला. पण रागातही त्याने काटेरी फांद्या बाजूला धरल्या. एक मुलगी घसरून पडली. मंजुळाने तिला उठवलं, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं आणि म्हणाली, “रडायचं ते पेपर झाल्यावर. आता पाय उचल.” स्वप्नालीच्या चपलेचा अंगठा तुटला. तिने दोन्ही चपला हातात घेतल्या आणि अनवाणी पळू लागली.

खाली रस्त्यावर दुधाचा टेम्पो जात होता. मंजुळा दोन्ही हात पसरून त्याच्या समोर उभी राहिली. टेम्पोवाला आधी ओरडला. मग मुलींच्या हातातली परीक्षेची पॅडं त्याला दिसली. त्याने कॅन मागे सरकवले.

परीक्षेच्या शाळेचं फाटक बंद होत होतं. तिघी आत शिरल्या. त्यांच्या हातापायांवर ओरखडे होते.

पेपर सुटल्यावर स्वप्नाली बाहेर आली ती खाली मान घालून. “शेवटचा निबंध अर्धा राहिला,” ती म्हणाली. “सुरुवातीचा वेळ दम खाण्यातच गेला.”

भागूजी मंजुळाकडे बघून म्हणाला, “ऐकलंत? तुमच्या भित्रेपणापायी.”

मंजुळाने यासीनला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. यासीन मिस्त्री घाट चढून आला. गाडीभोवती निम्मं गाव जमलं. रंगरावला हाताला धरून आणलं होतं. यासीनने मागचं चाक काढलं, आत वाकून पाहिलं आणि भागूजीला जवळ बोलावलं. ब्रेकच्या तेलाचा लोखंडी पाइप गंजून पिचला होता. यासीनने ब्रेक दाबायला लावला, तशी पाइपातून तेलाची धार आली.

“खाली अजून वीस वळणं होती,” यासीन म्हणाला. “प्रत्येक वळणावर थोडं तेल गेलं असतं. शेवटी उरलेल्या ब्रेकवर इतका भार पडला असता की तोही तापून सुटला असता.”

भागूजीने पाइपावरून अंगठा फिरवला. त्याचा चेहरा उतरला. लोक मंजुळाचं कौतुक करू लागले. कुणी म्हणालं, “देवासारखी थांबलीस गं बाई!”

मंजुळाला गप्प राहता आलं असतं. पण ती म्हणाली, “थांबा. पुरतं ऐका. चार दिवसांमागे याच चाकाशी मला ओल दिसली होती. गाडी धुतल्याचं पाणी असंल असं मी धरून चालले. आणि या रविवारी परीक्षेच्या गडबडीत मी बोनेट उघडलंच नाही. उघडलं असतं तर तेल कमी झालेलं तेव्हाच दिसलं असतं. पोरींना काट्यांतून पळावं लागलं ते माझ्यामुळं.”

दुसऱ्या एका मुलीची आई हळूच म्हणाली, “मग आमी पोरी कशाच्या भरवशावर बसवायच्या?”

“बरोबर विचारलंत,” मंजुळा म्हणाली. “त्याचं उत्तर मी तोंडानं देणार नाही.”

यासीन म्हणाला, “वहिनी, उद्या पेपर आहे. एवढ्या जुन्या गाडीचा पाइप लगेच मिळायचा नाही. सध्या हा पाइप ठेचून बंद करतो. त्या चाकाला ब्रेक लागणार नाही, पण बाकी तीन चाकांवर काम भागेल. सगळे असंच करतात.”

“सगळे करत असतील,” मंजुळा म्हणाली. “या गाडीला चार चाकं आहेत. चारही थांबली पाहिजेत. पाइप मापानं बनवून मिळतो ना?”

“मिळतो. पण तालुक्याला जावं लागेल.”

“मग दोन्ही बाजूंचे बनवून आणा. एका बाजूला गंजलाय, तर दुसऱ्या बाजूचाही तेवढाच म्हातारा झालाय.”

रंगराव यासीनला म्हणाला, “आन् ब्रेकच्या रबरी नळ्यापण नव्या आण. ही आता अर्ध्या कामावर ऐकायची न्हाई.”

यासीन हसला आणि मोटारसायकलला किक मारून गेला. दुपार कलल्यावर तो पाइप घेऊन परतला. मंजुळा पेडलवर पाय ठेवून बसली. यासीन गाडीखाली झोपला. “दाबा. धरून ठेवा. सोडा.” पाइपातली हवा निघेपर्यंत हेच चाललं. वरून ब्रेकचं तेल ओतायला माणूस हवा होता. कुणी न सांगता भागूजी पुढे आला आणि त्याने डबा हातात घेतला. ऊन उतरेपर्यंत तो तिथेच उभा होता. डब्यातला थेंबही त्याने बाहेर सांडू दिला नाही.

पुढच्या पेपरच्या सकाळी मंजुळा तिन्ही मुलींच्या घरच्यांना म्हणाली, “आधी मी एकटी घाट उतरते आणि वर येते. मग तुम्ही ठरवा.”

सगळे घाटाच्या तोंडाशी उभे राहिले. गाडी रिकामीच निघाली. प्रत्येक वळणाआधी मंजुळाने ब्रेक दाबला आणि गाडी पुरती थांबवली. मग पुढे गेली. वरून लोकांना ती थांबताना आणि निघताना दिसत होती. काही वेळाने इंजिनाचा आवाज वर चढत आला. गाडी येऊन उभी राहिली. मंजुळाच्या कपाळावर घाम होता. ती खाली उतरली, प्रत्येक चाकाशी वाकली आणि तळहात जमिनीला लावून पाहिला. कोरडा.

भागूजी पुढे आला. “ब्रेकचं तेल बघितलं?”

“बघितलं. तुम्हीही बघा.”

त्याने बोनेट उघडलं, डोळे बारीक करून तेलाची रेघ पाहिली आणि बोनेट बंद केलं. मग तो मंजुळाला म्हणाला, “वहिनी, मी तुमाला भित्र्या म्हणालो. किल्ली माझ्या हातात दिली असती तर माझी पोरगी आज नसती.” त्याने मागचं दार उघडलं. “बस, स्वप्नाली. आन् आज निबंधबिबंध सगळं पुरं करून ये.”

“आज गणित आहे, आबा,” स्वप्नाली म्हणाली.

सगळे हसले. गाडी घाट उतरू लागली.

निकाल लागला तेव्हा तिघी पास झाल्या. स्वप्नालीचे मराठीत गुण थोडे कमी पडले, गणितात चांगले आले. भागूजीने तिला घाटाखालच्या कॉलेजात घातलं. त्या जूनमध्ये एके सकाळी मंजुळा शेडमधून गाडी बाहेर काढत होती. अंगणात दप्तरं घेऊन मुली उभ्या होत्या. गाडीत मावतील त्याहून किती तरी जास्त.

मंजुळाने त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. “धाकट्या आधी बसा,” ती म्हणाली. “मी दोन फेऱ्या करते.”

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर दुसऱ्यांचा जीव आहे त्याची रोज तपासणी करावी, आणि आपली नजर चुकली तर वेळीच थांबावं, चूक मान्य करावी आणि दुरुस्ती अर्धी सोडू नये.