टप्पा कुठे पडला?

"पण त्याच्याच हातात बॉल का दिला, हे कुणीतरी मला सांगा."

सुकुमार चौगुले हे म्हणाला, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली बसलेल्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांचा प्रश्न तोच होता.

तालुक्याच्या चषकाचा चाळीस षटकांचा अंतिम सामना चालला होता. चार षटकं उरली होती. पाहुण्या संघाला जिंकायला एकतीस धावा हव्या होत्या आणि त्यांचे सहा गडी बाद झाले होते. अशा वेळी गावच्या कप्तानानं चेंडू दत्ता लोखंडेकडे दिला. बावीस वर्षांचा लेगस्पिनर. दुसऱ्यांदा गोलंदाजीला आल्यावर पहिल्याच षटकात त्यानं चौदा धावा दिल्या होत्या.

शेडमध्ये चर्चा पेटली. निवृत्त पोस्टमास्तरांचं म्हणणं, वेगवान महाडिकला आत्ताच आणायला हवं होतं. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारे शहा म्हणाले, दत्ता कप्तानाचा वर्गमित्र आहे, त्यात सगळं आलं. मग दोघांनी सुकुमारकडे पाहिलं.

सुकुमारच्या शब्दाला वजन होतं. तो स्वतः जिल्ह्याकडून खेळला होता आणि आता निवड समितीवर होता. संध्याकाळी सहाला समिती बसणार होती, जिल्ह्याच्या संघासाठी पंधरा नावं काढायला. नावांची यादी त्याच्या खिशात होती. दत्ताच्या नावावर त्यानं जेवणाच्या सुट्टीतच रेघ मारली होती.

त्याच्या शेजारी लोखंडी खुर्चीवर जमादार चाचा बसले होते.

चाचांनी चाळीस वर्षं पंचगिरी केली. सुकुमारला चेंडू धरायला त्यांनीच शिकवलं. चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले, तरी अंतिम सामना ते चुकवत नसत. शेजारी कुणाला तरी बसवत आणि म्हणत, तू सांग, मी ऐकतो.

आज ते काम सुकुमारकडे होतं. सकाळपासून तो सांगत होता. हा कामातून गेला, तो उगाच संघात आहे, क्षेत्ररक्षण कसं चुकीचं लावलंय. चाचा शेंगा फोडत ऐकत होते.

दत्तानं पहिला चेंडू टाकला. बॅटचा आवाज आला. मागोमाग लोकांचा.

"काय झालं?" चाचांनी विचारलं.

"चौकार. मी म्हटलंच होतं."

"टप्पा कुठे पडला?"

"सीमेपार गेला, चाचा."

"ते लोक ओरडले तेव्हाच कळलं. टप्पा कुठे पडला?"

सुकुमार थांबला. चेंडू सुटला त्या क्षणी तो कप्तानाकडे बघत होता.

"आखूड असणार."

"असणार…" चाचा म्हणाले. आणि त्यांनी पुढची शेंग फोडली.

दुसऱ्या चेंडूवर एक धाव गेली. चाचांनी पुन्हा तेच विचारलं. या वेळी सुकुमार शहांना काहीतरी समजावून सांगत होता. त्यानं नुसता घसा खाकरला. त्याची मान जराशी तापली.

"रागावू नकोस," चाचा म्हणाले. "मला दिसत नाही, म्हणून विचारतो."

तिसऱ्या चेंडूला सुकुमार गुडघ्यांवर हात ठेवून पुढे झुकला.

चेंडू हवेत उंच गेला, लेगस्टंपच्या रेषेत पडला आणि वळला. फलंदाजाची बॅट एका बाजूनं गेली, चेंडू दुसऱ्या बाजूनं. यष्टिरक्षकही फसला. चेंडू त्याच्या हातांखालून सुटून सीमेपार गेला.

फलकावर आणखी चार धावा लागल्या. शेडमध्ये हळहळ झाली. पोस्टमास्तर म्हणाले, आता तरी याला काढा.

"टप्पा?"

"लेगस्टंपवर पडला. ऑफस्टंपच्या बाहेरून गेला." सुकुमारचा आवाज खाली आला होता. "बॅट्समनला कळलाच नाही. कीपरलाही नाही."

"हं…"

चौथ्या चेंडूवर फलंदाज पुढे सरसावला आणि फसला. झेल उडाला, दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधोमध पडला. दोन धावा. पाचवा आणि सहावा निर्धाव गेले. सुकुमारनं चारही चेंडू नीट सांगितले. कसे सुटले, कुठे पडले, किती वळले. दुसरं काही तो बोलला नाही.

षटक संपल्यावर चाचांनी विचारलं, "आणि मघाच्या त्या चौदा धावा? त्या कशा गेल्या?"

सुकुमारनं आठवायचा प्रयत्न केला. त्याला चौदाचा आकडा आठवत होता. शहा काय म्हणाले ते आठवत होतं, आपण काय म्हणालो तेही. चेंडू एकही आठवत नव्हता.

पुढचं षटक महाडिकनं टाकलं. त्यात नऊ धावा गेल्या. शेडनं ठरवलं, की बिचाऱ्याचं नशीब वाईट. मग पुन्हा दत्ता आला. त्यानं तीन धावा दिल्या आणि एक गडी बाद केला. टाळ्या पडल्या, पण मन लावून कुणी वाजवल्या नाहीत. सुकुमार एकेक चेंडू सांगत राहिला.

शेवटच्या षटकात आठ धावा हव्या होत्या. महाडिकच्या चार चेंडूंत त्या निघाल्या.

गाव हरलं.

शेड रिकामी होऊ लागली. दत्तानं टाकलेल्या सदतिसाव्या षटकानं घात केला, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. शहा जाता जाता सुकुमारजवळ थांबले. म्हणाले, तुमचं अगदी बरोबर निघालं, आता बैठकीत त्याचं नाव येऊ देऊ नका.

सुकुमारनं नुसती मान हलवली. त्यातून हो की नाही, ते शहांना कळलं नाही.

चाचा उठले नव्हते.

"पहिले दोन राहिलेच," ते म्हणाले. "ते कुठे पडले ते कळलं असतं, तर बरं झालं असतं."

सुकुमार उठला आणि मैदानात उतरला.

साइटस्क्रीनच्या सावलीत दत्ता एकटा बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. निवड समितीचा माणूस समोर येऊन उभा राहिलेला पाहून तो गडबडीनं उठला. एका पायात बूट, एक पाय अनवाणी. बोलणी खायची त्यानं मनाची तयारी केलेली दिसत होती.

सुकुमारनं त्याला विचारलं, तुझ्या शेवटच्या षटकातले नव्हे, त्याच्या आधीच्या तुझ्या षटकातले पहिले दोन बॉल कुठे पडले?

दत्ता गोंधळला. असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"पहिल्याला टप्पाच नव्हता, सर. फुलटॉस होता. घामानं हातातून सुटला. माझीच चूक." त्यानं क्षणभर आठवलं. "दुसरा मिडलस्टंपवर. तो बरा होता."

"आणि चौदा गेल्या, त्या ओव्हरमध्ये?"

दत्तानं तेही सगळे सांगितले. दोन चेंडू वाईट पडले होते, ते त्यानं आधी सांगितले. एक झेल सुटला होता. तो कुणाच्या हातून सुटला, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

सुकुमारनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो परत फिरला.

शेडमध्ये आता चाचांशिवाय कुणी नव्हतं. सुकुमारनं खिशातून यादी काढली. जेवणाच्या सुट्टीत मारलेली रेघ शाईची होती, ती पुसता येण्यासारखी नव्हती. त्यानं शेजारच्या कोऱ्या जागेत दत्ताचं नाव पुन्हा लिहिलं आणि पुढे लिहिलं, नेटमध्ये बोलावून पाहावे. यादी घडी करून ठेवली. मग चाचांच्या खुर्चीपाशी बसला.

"पहिल्याला टप्पाच नव्हता, चाचा. फुलटॉस होता."

चाचा हसले. आवाज न करता.

"आणि मी आखूड म्हणालो…"

समोरच्या मैदानात खेळपट्टीवर पाणी मारायला सुरुवात झाली होती. ओल्या मातीचा वास शेडपर्यंत आला.

"दुसऱ्यांदा गोलंदाजीला आल्यापासून त्यानं अठरा बॉल टाकले," सुकुमार म्हणाला. "मी त्यातले दहाच बघितले. तेसुद्धा तुम्ही विचारलंत म्हणून."

"दहा…"

चाचांनी मांडीवरची टरफलं झटकली, काठी चाचपली आणि उठून उभे राहिले.

"बरेच झाले की. चाळीस वर्षं स्टंपामागं उभा होतो मी. मला एवढे नीट बघायला नाही जमले."