गाईचा निबंध

पाचवीतल्या सुगंधानं निबंधात लिहिलं, "आमची गाय थेंबभर दूध देत नाही, पण सरपंच दिसले की शिंगं रोखते."

तपासणीला आलेले कुलथेसाहेब भडकले. "एवढ्याशा पोरीला हे सुचेल? हे एआयनं लिहिलंय. शून्य द्या!"

सुगंधाचं डोकंच फिरलं, पण तिनं साळसूदपणे विचारलं, "साहेब, शाळेत तुम्ही गाईवर काय लिहिलं होतं?"

साहेब छाती फुगवून सुरू झाले, "गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय, दोन शिंगे…"

सवयीनं हेडमास्तर, बाई आणि दारातला साहेबांचा ड्रायव्हरही सुरात सूर मिसळून म्हणाले, "…आणि एक लांब शेपूट असते!"

सुगंधा थक्क झाली. "चौघांचं अक्षरन् अक्षर सारखं! साहेब, तुमच्या वेळी कुठलं एआय होतं?"