राहिलेल्या पन्नासांची निवड

"शास्त्रीबुवा, वरच्या वर्गात दहा जागा. तीन वर्षं त्या सरदारांच्याच मुलांना कशा मिळतात?" राजा उदयरावांनी भर दरबारात विचारलं.

पाठशाळेत गणित शिकवणाऱ्या श्रीधरशास्त्र्यांनी खरं सांगून टाकलं. "महाराज, मी माणूस भित्रा. मुलाची परीक्षा घ्यायला बसलो की मागे त्याच्या बापाची पगडी दिसते. मग उत्तर चुकलं तरी मला बरोबरच ऐकू येतं."

दरबार हसला, राजा हसला नाही. "मग यंदा साठांतून दहा असे निवडा, की राहिलेल्या पन्नासांपैकी एकानेही अन्याय झाला म्हणता कामा नये. परवा सकाळी, इथे. एक जरी कुरकुरला तर वरचा वर्ग बंद."

शास्त्रीबुवा पाठशाळेच्या ओट्यावर येऊन बसले. तोंडी परीक्षा घ्यावी तर पगड्या दिसणार. लेखी घ्यावी तर कोणीतरी "वा, काय विद्वत्ता!" म्हणणार, आणि आपण फुलून जाऊन सगळे प्रश्न आदल्या दिवशीच सांगून बसणार. स्वतःला ते चांगले ओळखून होते.

पाणी भरणाऱ्या भिवराबाईने घागर खाली ठेवली. "बुवा, कोणाला गणित येतं ते तुम्हाला ठाऊक नाही?"

"तीस वर्षं शिकवतोय, बाई. मला काय येतं तेवढंच ठाऊक आहे. अलीकडे त्याचीही खात्री नाही."

"मग ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारू. परवा मला बरोबर न्या. तोवर गप्प राहायला जमेल?"

"अवघड आहे," शास्त्रीबुवा म्हणाले, "पण बघतो."

ठरल्या दिवशी भिवराबाईने एकेका मुलाला बाजूला घेऊन हळूच काहीतरी विचारलं. मुलाने नाव सांगितलं, कारकुनाने टिपलं. ज्यांची नावं सर्वांत जास्त वेळा आली असे दहा जण कारकुनाने वाचून दाखवले. त्यात दोन सरदारपुत्र होते, कोष्ट्याचा मुलगा होता, आणि सगळ्यांत वर लोहाराची गंगू.

सेनापती ताडकन उठले. "हा अन्याय आहे! माझा मुलगा कुठे आहे?"

"सरकार, तुमच्या मुलाने कोणाचं नाव दिलं ते त्यालाच विचारा," भिवराबाई म्हणाली.

मुलगा खाली मान घालून पुटपुटला, "गंगूचं."

"तू विचारलंस तरी काय?" राजाने विचारलं.

"एवढंच, की बाळा, गणित अडलं की तू कोणाकडे जातोस? महाराज, या दहांना मी निवडलं नाही, बुवांनीही नाही. राहिलेल्या पन्नासांनीच निवडलं. आता ते रुसणार कोणावर?"

"दोस्तांची नावं दिली असतील तर?" सेनापतींनी विचारलं.

"दोस्त खेळायला असतात. छडी चुकवायची असली की पोरं बरोबर उत्तर येणाऱ्यालाच गाठतात."

राहिलेल्या पन्नासांपैकी एकही कुरकुरला नाही. सेनापती खाली बसले. शास्त्रीबुवांनी हळूच घाम पुसला.

राजा जरा पुढे झुकला. "या साठांत आमचे युवराजही आहेत. त्यांचं नाव किती जणांनी घेतलं?"

"एकानेही नाही, महाराज. पण युवराजांनी स्वतः तीन नावं सांगितली. म्हणाले, एकाने भागत नाही."

राजा सिंहासनावर मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "अगदी माझ्यावर गेलाय! मला तर पाच लागायचे!"

त्याने भिवराबाईला जरीकाठी लुगडं दिलं, आणि दरवर्षीच्या निवडीचं काम तिच्याकडे सोपवलं.

"आणि मी, महाराज?" शास्त्रीबुवांनी भीतभीत विचारलं.

"तुम्ही नुसतं शिकवा, बुवा. आणि जमलं तर ऐकून घ्या."